रिकाम्या जागेवरचा हात

हात पडला तेव्हा शिंपीकाका अन्नवस्त्राबद्दल आभार मानून नुकते आजाऱ्यांकडे वळले होते. म्हणजे प्रार्थना अजून पाव हिस्सासुद्धा झाली नव्हती. शिंपीकाका चर्चच्या मंडळीतले सगळ्यात जुने वडील, म्हणजे पुढारी, आणि त्यांची प्रार्थना त्यांच्या दुकानातल्या टेपपेक्षा लांब. एक बाई त्यांच्या प्रार्थनेला बसली तेव्हा पोटुशी होती आणि आमेन झालं तेव्हा मूल रांगत वेदीपर्यंत पोचलं होतं, असं सांगणारे लोक आहेत. ते मूल आता दाढी करतं, असंही सांगतात. तर अशा त्या प्रार्थनेत ती डोळे मिटून, मान खाली घालून बसली होती. उजवा हात ऑर्गनवाल्याच्या सासूच्या हातात होता, डावा तळहात उघडा करून शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलेला होता, आणि त्या उघड्या तळहातावर अलगद एक हात येऊन पडला. दचकावं असं काही नव्हतं. रीतच तशी होती. पण अकरा वर्षांत त्या जागेवर कुणी बसलं नव्हतं, त्यामुळे तळहात आपला सवयीने उघडा राहायचा, दार उघडं टाकून घरचे सगळे गावाला गेलेत तसा. तिने बोटं मिटली. समोरचा अंगठा लागला, तर्जनी लागली, मधलं बोट लागलं. आणि मग काहीच लागलं नाही. जिथे अजून दोन बोटं असायला हवी होती तिथे फक्त एक गुळगुळीत, ताणलेली, थंड कड होती, शिवून टाकलेल्या खिशासारखी.

ती रीत कुणी घातली ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. कोणे एके काळी दोन जावा एका बाकावर बसेनात, एकमेकींच्या हातून भाकर घेईनात, तेव्हा कुण्या पाळकाने वैतागून ती घातली म्हणे. प्रभुभोजनाच्या रविवारी मोठी प्रार्थना सुरू झाली की सगळ्या देवळाने डोळे मिटायचे आणि शेजाऱ्याचे हात धरायचे. शेजारी कुणी नसेल तर हात रिकाम्या जागेवर उघडा ठेवायचा. उशिरा येणाऱ्याने पाय न वाजवता यायचं आणि दिसेल त्या पहिल्या उघड्या हातात आपला हात द्यायचा. कोण आलं ते आमेनपर्यंत बघायचं नाही, आमेनपर्यंत हात सोडायचा नाही. त्यानंतर भाकरीचं ताट फिरायचं, आणि प्रत्येकाने डावीकडच्याच्या हातावर तुकडा ठेवून म्हणायचं, ‘घे, तुझ्यासाठी,’ आणि घेणाऱ्याने म्हणायचं, ‘तुझ्या हातून.’ डावीकडच्याला दिल्याशिवाय आपला तुकडा तोंडात घालायचा नाही. तिच्या डावीकडे अकरा वर्षं कुणी नसल्यामुळे ती मागे वळून मागच्या बाकावरच्या घड्याळजीला द्यायची. घड्याळजी कानाने अधू, तो ‘तुझ्या हातून’च्या ऐवजी ‘बरं बरं’ म्हणायचा. तेवढ्यावर तिची उपासना बिनबोभाट चालली होती.

तिला पाठीमागे सगळे चिमटा म्हणत. समोर म्हणत नसत, कारण चिमट्यासमोर चिमटा म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. मटणाचं दुकान ती एकटीने चालवायची. डावखुरी. तिच्या डाव्या मुठीची कीर्ती अशी, की एकदा दुकानाच्या कुलपाची चावी हरवली तर तिने कुलूपच मुठीत धरून इतकं दाबलं की ते शरण येऊन आपणहून उघडलं. मेंढ्याची बरगडी ती लोक शेंग मोडतात तशी मोडायची. आणि प्रभुभोजनाची भाकर तीच कापायची, उपासनेच्या आधी, वेदीमागच्या छोट्या खोलीत. सगळे तुकडे इतके सारखे की वडिलांना मोठा आणि पोराला लहान असा प्रकार नाही. भाकरीला खाटकिणीचा हात लागतो म्हणून नाक मुरडणाऱ्या दोघीतिघी होत्या, पण तुकडा बारीक मिळाला अशी तक्रार त्यांनाही कधी करता आली नाही. ती सुरी आता तिच्या पायाशी पिशवीत होती, फडक्यात गुंडाळलेली. तिने उजव्या पायाच्या अंगठ्याने पिशवी चाचपली. सुरी होती. नसती तर बरं झालं असतं असं एकदा वाटलं, आणि आहे हे बरं झालं असंही लगेच वाटलं.

धाकटा आला होता. तिचा सख्खा भाऊ. तिच्या नवऱ्याला मारणारा.

शिंपीकाका म्हणत होते, ‘जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांना, हे बापा, तू उठव,’ आणि ती मनातल्या मनात धाकट्याला उठवत होती. शर्टाला धरून उठवत होती, बाकांच्या मधल्या वाटेने फरफटत नेत होती, त्याचं डोकं प्रत्येक बाकाच्या कडेवर एकदा, डावीकडच्या एकदा, उजवीकडच्या एकदा, बावीस बाक होते, बावीस वेळा. नवरा मरायच्या आधी बावीस दिवस बेशुद्ध पडून होता, म्हणून बावीस. मग दाराशी नेऊन दाराच्या फटीत त्याची उरलेली बोटं. मग पायऱ्या. पायऱ्या दगडी होत्या, सात. तिने सगळं नीट क्रमाने केलं, घाई न करता, जनावर सोलताना करतात तसं, आधी पाय, मग पोट, मग पाठ. आणि एवढं सगळं होऊनही तो हात तिच्या हातात तसाच होता. कोमट होत चाललेला. कुणी दिलेलं काहीतरी सांभाळत बसावं तशी ती तो धरून बसली होती, आणि हे तिला सगळ्यात भयंकर वाटलं. डोळे उघडून हात झटकून टाकावा तर साठ माणसांची साखळी तुटायची, सगळे बघायचे, का तुटली म्हणायचे.

‘हळू गं,’ उजवीकडून ऑर्गनवाल्याची सासू पुटपुटली. ‘माझा हात आहे, बोकडाचा पाय नाही.’

‘चुकून झालं.’

‘कुणावर चिडलीस? शिंप्यावर असशील तर दाब अजून थोडा. मी काही म्हणत नाही.’

तिने उजवी मूठ सैल केली. म्हणजे सगळा जोर डावीकडे आला.

कशाला आला असेल तो? आठ वर्षं आत काढून सुटला, त्याला तीन वर्षं झाली. शहराच्या पलीकडच्या टोकाला कुठल्याशा लाँड्रीत इस्त्री करतो, डाव्या हाताने, असं कानावर आलं होतं. तेव्हा तिने दुकानात चारचौघांत सांगितलं होतं, ह्या दारात आला तर सोलून टांगीन. लोकांनी माना हलवल्या होत्या. नवऱ्याच्या मरणाने पोळलेली बाई, बोलणारच. मंडळीने तिला अकरा वर्षं तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. डावीकडची ती जागा नवऱ्याची, म्हणून तिथे कुणी बसायचं नाही, असं कुणी न सांगता ठरलं होतं. पाळक तर एकदा व्यासपीठावरून म्हणाले होते की क्षमा करणं किती जड असतं ते आपल्या ह्या बहिणीला विचारा. सगळ्यांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं होतं, आणि तिने डोळे पुसले होते. डोळे कोरडे होते, पण पुसले होते. आता तो आमेन झाल्यावर उठून उभा राहणार आणि हात वर करणार. तीन बोटांचा हात. आणि विचारणार, सांग ताई, ह्या दोन बोटांचं काय झालं.

कारण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांना धाकट्याने सांगितलं होतं, झटापटीत सत्तूर माझा मलाच लागला. कोर्टातही तेच. ती तिथे बाकावर बसून ऐकत होती. त्याने हे सांगताना तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तिने ते सांगणं गिळलं, भूक नसताना समोर आलेलं जेवण गिळतात तसं.

शिंपीकाका प्रवाशांवर आले. बोटीवरचे, विमानातले, पायी चालणारे. मग विधवा आल्या. विधवांपाशी ते नेहमी थोडे थांबायचे आणि त्या थांबण्यात सगळं देऊळ तिचा विचार करायचं, हे तिला मिटल्या डोळ्यांनी कळायचं. अंगावर कुणी शाल टाकावी तसं ते यायचं. आज तसं काही आलं नाही, की आलं आणि त्या तीन बोटांशी अडलं, तिला समजेना. आणि त्या थांबण्यातच तिला एकदम वास आला. पित्ताचा. हिरवा, कडू, नाकाच्या मुळाशी चिकटणारा. दुकानात रोज काम करणाऱ्याला वास येत नाहीत म्हणतात, पण पित्ताचा येतो. काळजाला चिकटलेली ती इवलीशी पिशवी हातात धरून, सुरीचं टोक चुकूनही न लागू देता काढायची असते. फुटली की सगळं काळीज वाया. धुवा, चोळा, मिठात ठेवा, कडू ते कडूच. त्या शनिवारी सकाळी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, धाकट्याच्या हातून ती फुटली.

नवरा म्हणजे सहा फुटांचा माणूस. त्याची थोबाडीत बसली की शेजारच्या गल्लीतल्या कुत्र्याचे दात हलायचे, असं तिनेच एकदा हसत हसत कुणाला तरी सांगितलं होतं. हसत सांगितलं की लोकही हसतात आणि पुढचं विचारत नाहीत. मेल्यावर तो देवमाणूस झाला, मेल्यावर होतातच. पण जिवंत होता तेव्हा त्याने एकदा रक्ताच्या परातीत तिचं तोंड बुडवून धरलं होतं, श्वास संपेपर्यंत, कारण काय तर आतड्यांची टोपली चुकीच्या जागी ठेवली. नाकातून, दातांतून चार दिवस ते रक्त येत राहिलं, स्वतःचं की मेंढ्याचं तेही कळेना. हे तिने कुणाला सांगितलं नाही. पण धाकट्याला कळलं. धाकट्याला तिनेच वाढवलं होतं, आईबाप गेल्यावर, कडेवर घेऊन, भरवून. तो तेव्हा एका छापखान्यात चांगल्या कामावर होता. दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन दुकानाच्या दारात उभा राहिला आणि नवऱ्याला म्हणाला, ‘दाजी, मला हे काम शिकायचंय.’ त्याला रक्त बघितलं तरी भोवळ यायची. पहिले सहा महिने तो मागच्या भिंतीशी जाऊन ओकायचा आणि तोंड धुऊन परत यायचा. का आला ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. फक्त नवऱ्याचा आवाज चढला की तो हातातलं काम टाकून दोघांच्या मध्ये काहीतरी शोधायला यायचा, कधी सुतळी, कधी फडकं. ‘दाजी, जरा सरका, इथे फडकं होतं.’ चार वर्षं तो असा फडकं शोधत होता.

आणि त्या शनिवारी पित्त फुटलं. नवरा ओरडला नाही, हेच वाईट होतं. त्याने ते हिरवं पडलेलं काळीज उचललं, त्याचा एक तुकडा कापला, आणि धाकट्याची मान मागून पकडून तो तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. कच्चा. ‘खा. स्वतःच्या हातचं आहे. गोड लागतं की नाही सांग गिऱ्हाइकांना.’ धाकट्याने तोंड मिटलं तर नवऱ्याने नाक दाबलं. तोंड उघडलं तर अजून एक. हनुवटीवरून हिरवं-लाल पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि मोठा बाप्या माणूस लेकरासारखा हात हलवतोय. गिऱ्हाइकं आधी गप्प झाली, मग कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं हसलं. वधस्तंभावरच्या तहानलेल्या माणसालासुद्धा पित्तच दिलं होतं असं पाळक दरवर्षी सांगायचे, आणि ती दरवर्षी तेवढ्या वेळ जमिनीकडे बघायची. त्यालाही लोक हसले होते. पण त्याची बहीण तिथे उभी राहून हसत होती असं कुठे लिहिलेलं नाही.

ती हसली होती. सगळ्यांत मोठ्याने. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. का हसली, ह्याची तिने अकरा वर्षांत शंभर कारणं रचली होती. भीतीने, नवऱ्याला बरं वाटावं म्हणून, गिऱ्हाइकांचं बघून, वेड लागलं म्हणून. पण आता, त्या बोटांच्या जागेवरची गुळगुळीत कड अंगठ्याखाली धरून बसली असताना, खरं कारण असं समोर येऊन बसलं की त्याला उठवता येईना. आज पाळी माझी नव्हती. एवढंच होतं ते. नवऱ्याचा हात दुसऱ्याच्या मानेवर होता, आणि तिला इतकं हलकं वाटलं, इतकं मोकळं, की ते हसू बनून बाहेर पडलं. धाकट्याने त्या हसण्याकडे वळून बघितलं. नवऱ्याकडे नाही, गिऱ्हाइकांकडे नाही, तिच्याकडे. तोंडात तो कडू गोळा तसाच. आणि तसंच तिच्याकडे बघत बघत त्याने सुऱ्यांना धार लावायची सळई उचलली आणि नवऱ्याच्या कानामागे घातली. एकदाच. नवरा गोणी पडावी तसा पडला, पडताना डोकं मटण तोडायच्या ओंडक्याच्या लोखंडी पट्टीवर आपटलं, आणि गिऱ्हाइकं दारात एकमेकांना तुडवत पळाली.

‘जे तुरुंगात आहेत,’ शिंपीकाका म्हणाले, ‘आणि जे तुरुंगातून सुटूनही सुटले नाहीत...’

हे नवीन होतं. हे त्यांच्या प्रार्थनेत कधी नव्हतं. तिने डोळे अजून घट्ट मिटले. म्हणजे शिंप्याने डोळे उघडे ठेवले होते. बघितलं होतं कोण आलं ते. की म्हातारा आपला आठवेल ते जोडत होता? डाव्या हातात आता जोर चढायला लागला, कुणी न सांगता, पाण्याच्या बंबात चढतो तसा. दुकान रिकामं झालं होतं. नवरा खाली घरघरत होता. धाकटा उभा होता, उजवा हात ओंडक्यावर टेकवून, भोवळ आलेल्या माणसासारखा, आणि तोंडातलं काळीज थुंकायचंसुद्धा त्याला सुचत नव्हतं. तिने सत्तूर उचलला. डाव्या हाताने. नवऱ्यासाठी उचलला असं तिला तेव्हा वाटलं. खोटं. ती जी नजर त्याने तिच्याकडे टाकली होती ना, ती तोडायची होती. तिने मनगटावर नेम धरला. त्याला दिसत होतं. सत्तूर वर गेला, वर थांबला, ह्या सगळ्याला वेळ लागतो, माणूस हात काढू शकतो. त्याने हात काढला नाही. मनगट हवं होतं, दोन बोटं मिळाली. ती ओंडक्यावर चरबीच्या तुकड्यांत पडली, आणि तिने ती, रोजच्या सवयीने, हाताने बाजूला सारली.

कट्.

हा आवाज आत्ताचा होता. तो तिने कानाने ऐकला नाही, तळहाताने ऐकला. कोवळ्या बरगडीचा आवाज, तिच्या ओळखीचा. धाकट्याचं मधलं बोट तिच्या मुठीत मोडलं होतं. शेजारी श्वास अडकला, बराच वेळ अडकून राहिला, मग हळूहळू सुटला. तो ओरडला नाही. हात ओढला नाही. आणि तिच्या मुठीने, लाज सोडलेल्या मुठीने, अजून दाबलं. तर्जनीची पेरं एकमेकांवर चढली. आता ओरडशील. आता काढशील हात. काढ ना रे, एकदा तरी काढ.

‘ताई,’ डावीकडून इतका हळू आवाज आला की श्वासच बोलला असं वाटावं. ‘अजून जोर आहे की हातात.’

अकरा वर्षांनी पहिलं वाक्य, आणि त्यातही थट्टा. लहानपणी ती त्याचे केस विंचरायची तेव्हा हाच आवाज, ताई, डोकं राहू दे, केस ने सगळे.

‘कशाला आलास?’

‘जागा रिकामी होती.’

‘सांगायला आलास?’

‘काय सांगायला?’

उजवीकडून ऑर्गनवाल्याच्या सासूने कोपर मारलं. ‘कुणाशी बोलतेस गं? देवाशी बोलायचं तर शिंपी बोलतोय की सगळ्यांच्या वतीने.’

समोर बघणं सोपं असतं. समोर वेदी असते, फुलं असतात, देव असतो आणि तो मध्येच काही बोलत नाही. अकरा वर्षं ती समोर बघत होती. गायली होती, फरशी पुसली होती, भाकर इतकी सारखी कापली होती की मोजपट्टीने मोजावी. ते सगळं ह्या डावीकडच्या रिकाम्या हातभर जागेला वळसा घालून चाललं होतं, रस्त्यातल्या खड्ड्याला वळसा घालून गाडी जाते तसं. आणि तळहात मात्र उघडा ठेवला होता. रीत म्हणून. आपण बोलावतोय हे तिला कुठे ठाऊक होतं?

शिंपीकाका शेवटी आमच्या हातांनी केलेल्या कामांवर आले, आणि मग, कुणाचा विश्वास बसू नये इतक्या लवकर, म्हणाले, ‘आमेन.’ साठ तोंडांनी आमेन म्हटलं. साखळी सुटली. लोकांनी हात चोळले, खोकले काढले. तिने डोळे उघडले.

तो म्हातारा झाला होता. तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि केस पिंजलेल्या कापसासारखे. लहानही झाला होता, धुऊन आटलेला. पण शर्टाला इस्त्री अशी की कॉलरवर बसलेली माशी घसरून पडावी. त्याचा उजवा हात अजून तिच्या डाव्या हातातच होता, सुजून जांभळा व्हायला लागलेला, मधलं बोट भलत्याच दिशेला बघत होतं. पुढच्या बाकावरून कुणीतरी वळलं. मग मागची कुजबुज. ‘तोच ना?’ ‘आणि हिच्या शेजारी?’ ‘अगं, हात बघ हातात.’ एक बाई चक्क रडायला लागली, क्षमेचं एवढं मोठं उदाहरण डोळ्यांनी बघायला मिळालं म्हणून. पाळकांनी ताट उचललं होतं, ते उचलूनच राहिले. शिंपीकाका आपल्या जागेवरून तिच्याकडे बघत होते, सुईत दोरा ओवताना बघतात तसे, एक डोळा बारीक करून.

ताट फिरत फिरत बाकावर आलं. ‘घे, तुझ्यासाठी,’ सासू म्हणाली आणि तिच्या उजव्या तळहातावर तुकडा ठेवला. ‘तुझ्या हातून,’ ती म्हणाली, आणि मूठ मिटली. मग डाव्या हाताने तिने धाकट्याचा हात सोडला, ताटातून एक तुकडा घेतला, सारखा कापलेला, तिनेच कापलेला, आणि डावीकडे धरला. धाकट्याने उजवा हात पुढे केला. तो उघडेना. तळहाताचा खळगा होईना, बोटं ऐकेनात. तुकडा घसरला आणि फरशीवर पडला. तिने वाकून तो उचलला. वाकली तेव्हा पायाशी पिशवी होती, पिशवीत सुरी होती, आणि सुरी एकदम फक्त सुरी वाटली. डावा हात पुढे करता आला असता त्याला. त्याने केला नाही. एकदा दिलेला हात मागे घेऊन दुसरा द्यायचा, हे त्याला कधी जमलंच नव्हतं.

मग एकच उरलं. तिने तुकडा त्याच्या तोंडापाशी नेला.

त्याने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत त्या शनिवारचीच नजर, तशीच, तेवढीच. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेले तिला दिसले. आणि ओठ जेमतेम हलवून तो म्हणाला, ‘हसू नकोस हं, ताई.’

त्याला बोटांचं काही नव्हतं. बोटं त्याने कधीच सोडून दिली होती.

तिला वाटलं होतं, बोलायची वेळ आली तर छत कोसळेल. छत जागेवर होतं. एका पंख्याला कुरकुर होती. ‘बोटं मी तोडली,’ ती म्हणाली. दुकानातला तोच आवाज, मागच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचणारा. ‘सत्तूर मी मारला. खून डोक्यात होता माझ्या. आणि आत्ता हे बोटही मीच मोडलंय, प्रार्थनेत. आणि त्या दिवशी नवरा ह्याच्या तोंडात पित्त फुटलेलं काळीज कोंबत होता तेव्हा हसत होते, ती मी. नवऱ्याला ह्याने मारलं खरं. पण सळई उचलली ती माझं हसू ऐकून.’

रडणाऱ्या बाईचं रडणं मध्येच थांबलं. ‘काय म्हणाली?’ घड्याळजीने मागून विचारलं, आणि कुणी त्याला सांगितलं नाही. सासूने आपला हात मांडीवरून उचलून छातीशी घेतला, त्याची बोटं एकेक चाचपली, आणि थोड्या वेळाने पुन्हा बाकावर ठेवला. होता तिथेच, तिच्या शेजारी. सरकली नाही. ‘दे त्याला आता,’ ती म्हणाली. ‘भाकर वाळतेय.’

‘घे,’ ती धाकट्याला म्हणाली. ‘तुझ्यासाठी.’

त्याने तोंड उघडलं. तिने तुकडा जिभेवर ठेवला, बोटं लगेच मागे घेतली. तो चावायला लागला. हळू, एका बाजूने. ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली, गाठ खाली जाते की नाही. सगळं देऊळ त्याचं चावणं ऐकत होतं. त्याचा चेहरा वाकडा झाला.

‘कडू लागतंय?’ तिने विचारलं.

त्याने मान हलवली. गिळलं. ‘अळणी आहे,’ तो म्हणाला. आणि मग, रीत आठवून, ‘तुझ्या हातून.’

आता तिला आपला खाता येणार होता. तिने उजवी मूठ उघडली. आत तुकडा नव्हता. दाबून दाबून त्याचा भुगा झाला होता, घामाने तळहाताच्या रेषांत बसलेला. तिने हात तोंडापाशी नेला आणि तो जिभेने टिपून खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत, सगळ्यांच्या देखत. कुणी हसलं नाही.